कुमारी सुमनबाईंचा अर्ज

१० जानेवारी १९८२, रविवार

बाई हो म्हणाल्या! सुमनबाई हो म्हणाल्या!!

मिस्सा संपल्यावर त्यांना चर्चच्या मागे शिलाई क्लासच्या खोलीत गाठलं. फादर लुकासच्या टेबलावरून आणलेलं ते इंग्लिश मासिक दाखवलं आणि सगळं मराठीत सांगितलं. की पहिल्या पहिल्या शतकांत सिस्टर लोकांचे कॉन्व्हेंटच नव्हते. तेव्हा साध्या घरात राहणाऱ्या बायका बिशपसमोर उभ्या राहून सांगायच्या – मी लग्न करणार नाही, मी ख्रिस्ताची. बस! ना वेगळा झगा, ना मदर सुपीरियर. आपलं घर, आपलं काम. मग ती पद्धत बंद पडली. आणि आता बारा वर्षांपूर्वी रोमने परत सुरू केली. बिशप बोटात अंगठी घालतात, डोक्यावर व्हेल देतात, त्या दिवसापासून ती बाई कॉन्सिक्रेटेड व्हर्जिन. जन्मभर.

बाई काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे मी वीस वर्षं करतेय तेच. फक्त आता बिशपला सांगून."

एक्झॅक्टली! बाई एक्केचाळीसच्या. पोरांना धर्मशिक्षण देतात, बायकांना शिलाई शिकवतात, त्याच खोलीच्या मागे एकट्या राहतात. लग्न केलं नाही. अख्ख्या नाशिक रोडला यांच्याइतकं फिट कोणी नाही. आणि पंचवीस मार्चला बिशप पुण्याहून येणारच आहेत. फादर म्हणाले, अर्ज वेळेत गेला आणि पुण्याहून हो आलं तर त्याच दिवशी विधी. अर्ज इंग्लिशमध्ये आहे, बाईंना इंग्लिश येत नाही. म्हणून काम मला! मी मराठी करायचं, बाईंची उत्तरं परत इंग्लिश करायची.

आयडिया पहिली माझी. हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. ठेवलं.

१२ जानेवारी, मंगळवार

व्हर्जिनला मराठीत काय म्हणायचं? इतकी वर्षं प्रार्थना म्हणतेय, आणि फॉर्मवर लिहायला शब्द सापडत नाही!

कुमारी? कॉलेजच्या आय-कार्डवर माझ्या नावाआधी कु. आहे. शेजारच्या धोंडाबाईंच्या तीन वर्षांच्या नातीच्या नावाआधी पण कु. आहे. म्हणजे लग्न झालेलं नाही, एवढंच. कुमारिका? त्या नवरात्रात जेवायला बोलावतात त्या. पाय धुतात, खीर देतात. लहानपणी मी पण जायचे, खीर मस्त असायची. शेवटी पप्पांची जाड डिक्शनरी काढली. त्यात एक शब्द निघाला – इथे पण लिहिणार नाही मी! एकदम डॉक्टरी! आणि तेवढ्यात मागे आई.

"काय बघतेयस गं?"

डिक्शनरी फटकन मिटली. चूक केली. उघडी ठेवली असती तर तिला काही वाटलं नसतं. आता चार दिवस बघत बसेल माझ्याकडे.

'कुमारी'च ठेवला. पण नुसता फार पुचाट वाटला. म्हणून पाचव्या प्रश्नात 'देहाने व मनाने कुमारी' केलं. भारी वाटतं वाचायला.

१५ जानेवारी, शुक्रवार

माझ्या हातचा मराठी फॉर्म बाईंना दिला. पहिले तीन प्रश्न – नाव, बाप्तिस्मा, काम – भराभर झाले. चौथ्यावर बाई थांबल्या. 'तुमचे लग्न कधी लागले होते काय?' त्याखाली बोट ठेवलं आणि बोट तिथंच.

"स्टेला, हे कुणाशीही धरायचं का?"

"काय कुणाशीही?"

"लग्न लागलेलं. कुणाशीही लागलेलं?"

मी म्हटलं, हो, कुणाशीही. त्यात काय धरायचं?

बाईंनी कागदाची घडी घातली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवली. "राहू दे माझ्याकडे. बघते."

दोन अक्षरं लिहायची होती – 'नाही'. त्यात बघायचं काय?

१६ जानेवारी

कुणाशीही म्हणजे काय?

२० जानेवारी, बुधवार

घरात महाभारत. मनमाडचं स्थळ. मुलगा रेल्वेत, घरचे चर्चला जाणारे, फोटो पण आलाय. मी सरळ सांगितलं, मला लग्न करायचं नाही.

आई म्हणाली, "बरं, सिस्टर हो. मी अडवणार नाही."

"सिस्टर पण नाही. घरी राहूनच कुमारी."

"घरी राहून? ती कोणती नवीन तऱ्हा?" मग आवाज खाली गेला. मला तिच्या मोठ्या आवाजापेक्षा हा जास्त कळतो. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"तेच विचारतेय. सिस्टर व्हायचं नाही, लग्न करायचं नाही, डिक्शनऱ्या झाकतेस. कोण आहे तो? आपल्यातला आहे ना, तेवढं तरी सांग."

पप्पा एकलहऱ्याहून नाईट करून आलेले, डोळे लाल. म्हणाले, "आमच्या पॉवर स्टेशनच्या चिमणीतून निघत नाही एवढा धूर हिच्या डोक्यातून निघतो. झोपू द्या मला."

कमाल आहे! कोणी म्हणतं मी कुमारी राहते, की लगेच सगळे पुरुष शोधायला लागतात. पलंगाखाली, डिक्शनरीत, सगळीकडे.

आठ डिसेंबरला, मरियेच्या सणाला, मी मनातल्या मनात वचन दिलेलं आहे. कोणाला माहीत नाही. फक्त या वहीला.

३१ जानेवारी, रविवार

एक गोष्ट झाली ती नीट लिहिते, शब्द न बदलता.

काल चर्चच्या मांडवात पगाऱ्यांच्या पोरीची हळद होती. आमच्यात हळद लावतातच – कपाळाला कुंकू नाही, पण हळद पाहिजेच, नाहीतर बायकांना लग्न झाल्यासारखं वाटत नाही. हळद लावता लावता सगळ्या एकमेकींना फासायला लागल्या. अक्काबाई पगारे हात माखून सुमनबाईंकडे आल्या, तशा बाई उठल्या आणि दोन पावलं मागे. चेहरा असा झाला होता की मला आधी वाटलं अंगावर पाल पडली.

अक्काबाई हसत म्हणाल्या, "अहो बाई, तुम्ही कुमारी! तुम्हाला काय होतंय हळदीला?"

बाई म्हणाल्या, "मला झाली एकदा. पुरे."

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मघाशी कोणीतरी लावली असेल. पण मी बघत होते ना! बाईंच्या अंगावर हळदीचा एक ठिपका नव्हता.

मला झाली एकदा.

विधवा हळद घेत नाहीत. विधवा तर नाहीत ना बाई? आणि मी आज मागच्या सगळ्या वर्षांचं आठवून बघितलं – बाई एकाही हळदीला बसलेल्या मला आठवत नाहीत. अक्षता टाकायला येतात, जेवतात, आहेर देतात. हळदीच्या वेळी त्यांना नेमकं काहीतरी काम निघतं.

फॉर्म अजून खणात आहे. दोनदा विचारलं. "देते गं. घाई काय आहे?"

घाई काय आहे! पंचवीस मार्च आहे!

१४ फेब्रुवारी, रविवार

बाळ येशूची यात्रा. पाय ठेवायला जागा नाही. आमचे, हिंदू, पारशी, सगळे. मी वॉलंटियर, पाण्याच्या नळावर ड्यूटी.

दुपारी एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, पायात चप्पल नाही. सुमनबाईंचा पत्ता विचारला. सायखेड्याची भागीबाई – बाईंची सख्खी चुलती! बाईंना कोणी नातेवाईक आहे हेच मला आज कळलं. मी म्हटलं, आजी, नवस फेडायला आलात का? म्हणाली, "नाय बाई. आमी बुद्धाचे. आमच्यात नवस बंद झाले, लय बरं झालं. मी सुमीला भेटाया आले." मग माझ्याकडे वर-खाली बघून, "तू तिची कोन?"

"त्यांच्याकडे शिकते मी."

"खरं का गं, तिचं लगीन लावनार हाय म्हने तुमचा मोठा फादर?"

मला हसू आलं. "लग्न नाही आजी. देवाला वचन देणार आहेत. पण अंगठी असते."

"आंगठी हाय, देव हाय, मंग लगीनच की." तिने तांब्या विसळला आणि स्वतःशीच म्हणाली, "पुन्यांदा."

पुन्हा?!

मी नुसतं पाणी ओतत राहिले. गप्प बसलं की लोक बोलतात – हे मी आईकडून शिकले.

"आगं, सोडलेली हाय ती. ल्हानपनीच. हळद म्या लावली व्हती, ह्या हातानं. गाठा घातला, वाजत गाजत. लय लोक जेवलं." एकदम थांबली. "जाऊ दे. तिच्याफुडं नाव काढू नको. तिच्या आयनं लय भोगलं त्याच्यापायी."

सोडलेली!

हळद, वाजंत्री, गाठ बांधली, जेवणं झाली. आणि नवऱ्याने सोडलेली. सगळं जुळलं. चौथा प्रश्न जुळला, 'कुणाशीही' जुळलं, पगाऱ्यांची हळद जुळली.

बाईंना नवरा आहे. कुठेतरी आहे!

१५ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजला गेले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. आईने पोटाकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोक्यात काय चालतं ते मला कळतं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाईंना आडून विचारलं. धागा ओवत होत्या.

"बाई, एखादी सोडलेली बाई असेल तर तिला घेतात का हो या विधीत?"

बाईंची सुई थांबली. मग म्हणाल्या, "कुणी सोडलं त्यावर असेल."

कुणी सोडलं त्यावर! म्हणजे कबूलच की!

आता माझं काय? भाषांतर माझं. खाली सही माझी – 'ट्रान्सलेटेड बाय'. बिशपच्या समोर, वेदीच्या समोर, लग्न झालेल्या बाईला कुमारी म्हणून उभं करायचं आणि ते माझ्या इंग्लिशमध्ये! नवरा जिवंत असताना ख्रिस्ताची अंगठी घालायची! हे चालत नाही. कुठल्याच नियमात बसत नाही.

फादरना जाऊन तोंडावर सांगू? फादर म्हणतील, तुला कोणी सांगितलं? मग भागीबाई. मग बाई माझ्याकडे बघणार. ते मला झेपणार नाही.

आणि एक खरं पण लिहिते, इथे नाही तर कुठे. पहिली मलाच व्हायचं होतं. मी फादरना नाताळातच विचारलं होतं. ते म्हणाले, एकोणीस म्हणजे काही वय नाही, थांब. मग मी बाईंचं नाव सुचवलं. म्हणजे माझी जागा मी बाईंना दिली. ती जागा खोट्यावर जाऊ नये एवढंच म्हणणं आहे माझं. जेलसी नाही ही.

नाही वाटतं.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिलं. मुद्दाम मराठीत. मी मराठीत चिठ्ठी लिहीन असं फादरना स्वप्नात पण वाटणार नाही, मी त्यांच्याशी नेहमी इंग्लिश. आणि फादरचं मराठी फर्स्टक्लास – वीस वर्षं झाली स्वित्झर्लंडहून येऊन, प्रवचन असं देतात की म्हाताऱ्या रडतात. सगळं कळेल त्यांना. इथे उतरवून ठेवते –

"आदरनीय फादर, सुमनबाई यांचे लग्न लागलेले असुन त्या सोडलेल्या बाई आहेत. त्यांचा नवरा हयात आहे. अशा बाईला कुमारी म्हणने हे पवीत्र वेदीचा अपमान आहे. चौकशी करावी. एक हितचींतक."

नवरा हयात आहे हे मला नक्की माहीत नाही. पण असेलच. मेला असता तर भागीबाई तसं म्हणाली असती.

ऑफिसबाहेरच्या लाल पेटीत टाकलं. काम बरोबर केलं.

२४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

काहीही झालं नाही. सहा दिवस!

राख घेताना बाई माझ्या पुढेच होत्या. फादरनी त्यांच्या कपाळाला राख लावली, नेहमीसारखी. हात थांबला नाही, डोळे फिरवले नाहीत. म्हणजे चिठ्ठी मिळाली नाही? की मिळाली आणि दाबली? फादर पण सामील आहेत का यात? बिशप येणार, पेपरात येणार, नाशिक रोडचं नाव होणार – मग कोण चौकशी करतंय!

आणि मिस्सानंतर बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मंगळवारी ये गं. चौथा प्रश्न लिहून टाकू. चांगलं इंग्लिश घालून आण डोक्यात."

हसत होत्या. का हसत होत्या?

२ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे. हात दुखला तरी.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं. स्वतः खाली, चटईवर. म्हणाल्या, "लिही. माझं लग्न लागलं होतं. सात वर्षांची असताना."

मी लिहिलं. म्हणजे खरंच होतं! मला जिंकल्यासारखं वाटलं – असंच वाटलं, खोटं कशाला.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं. फॉर्मवर ते नाहीये, मीच विचारलं.

"खंडोबा."

मी स्पेलिंग जुळवून लिहिलं. मग विचारलं, "आडनाव?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी. "अगं वेडे पोरी! इंग्लिश शाळेत घालून तुझ्या बापाने पैसे वाया घालवले. खंडोबा! देव! त्याला आडनाव कुठून आणू?"

मला तरी कळलं नाही. मी म्हटलं, "पण तुम्हाला तर सोडलंय ना?"

तोंडातून निघून गेलं. बाईंनी विचारलं नाही की तुला कोणी सांगितलं. म्हणाल्या, "सोडलंय. देवाला सोडलंय. देवाला वळू सोडतात बघ, मोकळा? तशी पोरगी पण सोडतात. भाऊ तापाने फणफणला होता. बाप बोलला, पोरगा वाचू दे, पोरगी तुला. पोरगा वाचला. मग हळद लावली मला, भंडारा उधळला, गळ्यात कवड्यांचा गाठा घातला, आणि देवाशी लग्न लावलं. मुरळी केलं."

गाठ नव्हे. गाठा.

मी मुरळी हा शब्द ऐकलेला होता. मला वाटायचं ते एखाद्या पक्ष्याचं नाव आहे.

बाई सांगत गेल्या, मधे मधे दाताने धागा तोडत. खंडोबाच्या जागरणात घाटी, म्हणजे हातातली घंटा, वाजवायची, नाचायचं, रात्रभर. लोक भंडारा कपाळाला लावून पाया पडायचे. सात वर्षांच्या पोरीच्या! "आणि पाया पडून झालं की आईला विचारायचे, शहाणी झाली का गं? दर जत्रेला. झाली का? झाली का? कारण एकदा शहाणी झाली की देवाची बायको देवाची राहत नाही. गावात ज्याचं चालतं त्याची होते." बारावं लागलं तेव्हा आईने एका पहाटे त्यांना उठवलं. सायखेड्याहून चालत नाशिक रोडला. मिशनच्या सिस्टरांच्या दारात बसवलं आणि परत गेली. बापाने मारमार मारलं तिला. ते बाईंना कितीतरी नंतर कळलं. तीन वर्षांनी गावाने दीक्षा घेतली, तेव्हा त्याच बापाने देव गोदावरीत सोडले. "पण माझा गाठा कुणी सोडवला नाही," बाई म्हणाल्या. "तो मीच तोडला, इथे, सिस्टरांच्या बाथरूममध्ये."

मी पेन धरून बसले होते.

आणि मग मी विचारलं. देवा, का विचारलं! पण डोक्यात तेवढंच फिरत होतं. "बाई, मग त्या पाच वर्षांत... म्हणजे कोणी..."

बाईंनी सुई उशीत खुपसली.

"हे फॉर्मवर आहे?"

"पाचव्यात. देहाने व मनाने–"

"ते बिशप विचारतात?"

"हो."

"आणि तू?"

मी पेनचं टोपण लावलं, परत काढलं.

"गावात पण हेच विचारायचे, स्टेला. झाली का, झाली का. त्यांना ती व्हायला हवी होती, तुला ती नको व्हायला हवी. प्रश्न तोच." मग कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही पाचव्यात – मी म्हणते, आहे. एवढंच लिही. पुढे-मागे काही लावू नको."

मी लिहिलं. इंग्लिशमध्ये चारच शब्द झाले.

"आणि चौथ्यात एक ओळ वाढव. तेव्हा मला दिलं होतं. आता मी देतेय." उठता उठता हसल्या. "आणि पाहिजे तर हेही घाल – नवरा हयात आहे. देव कुठं मरतो?"

हयात!

हा शब्द बाई कधी वापरत नाहीत. मी तरी कधी ऐकला नाही.

३ मार्च

फादरनी सांगितलं असणार. चिठ्ठी वाचून दाखवली असणार बाईंना. कोणी लिहिलं ते मात्र त्यांना कळणं शक्य नाही. शक्यच नाही.

लाल पेटी बघून आले. रिकामी.

१२ मार्च, शुक्रवार

पुण्याचं उत्तर आलं! हो म्हणाले!

फादरनी आम्हा दोघींना बोलावून वाचलं. की खंडोबाशी लागलेलं ते चर्चच्या नजरेत लग्नच नव्हे. लहान मुलीच्या वतीने दुसऱ्याने दिलेलं वचन तिला बांधत नाही. पंचवीस तारखेला विधी होईल.

मी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "म्हणजे झालंच नाही म्हणतात?"

"नाहीच झालं!" मी म्हटलं.

"बरंय. त्यांना सोपं आहे म्हणायला."

फादरनी चष्मा पुसला.

घरी येऊन मूळ इंग्लिश फॉर्मची माझ्याकडची कोरी प्रत परत काढली. पाचवा प्रश्न. तिथे लिहिलंय – उमेदवार व्हर्जिन आहे काय, म्हणजे ती उघडपणे, लोकांत, शुद्धतेच्या विरुद्ध कधी वागलेली नाही ना. एवढंच. तीनदा वाचलं. दिव्याखाली धरून वाचलं. 'देहाने' कुठेच नाही! रोमने विचारलं नाही, पुण्याने विचारलं नाही, बिशपने विचारलं नाही. तो शब्द मी घातला. वाचायला भारी वाटतो म्हणून.

आणि बाईंना मी म्हटलं, हो, बिशप विचारतात.

१४ मार्च, रविवार

विधीत दोन बायका उमेदवाराला वेदीपर्यंत घेऊन जातात. बाईंनी नावं दिली – एक अक्काबाई पगारे. दुसरी मी.

मी का? सिस्टर लोक आहेत, क्लासच्या इतक्या जुन्या बायका आहेत. मलाच का? कोणी काही सांगत नाही. आई म्हणते, चांगलंय, पांढरी साडी नेस, मनमाडचे पण येणार आहेत बघायला. तिचं वेगळंच.

१७ मार्च, बुधवार

रोज वाटतं ती चिठ्ठी कुठूनतरी बाहेर येणार. फादरच्या ड्रॉवरमध्ये असेल? अक्काबाईंना सापडली असेल? आज आईने सहज म्हटलं, "तुझं मराठी अक्षर किती वाकडं गं," आणि माझ्या हातातला कप सांडला. ती धोब्याच्या यादीबद्दल बोलत होती.

कन्फेशनला जायचं आहे. पण ऐकणार फादर लुकासच.

२० मार्च, शनिवार

ठरवलं. विधीच्या आधी बाईंना सांगून टाकायचं. 'देहाने'चं पण, चिठ्ठीचं पण. खोलीपर्यंत गेले. कुलूप. बाई विधीआधी एकांतात गेल्या, कॉन्व्हेंटमध्ये, मौन. चोवीसच्या संध्याकाळपर्यंत भेटणार नाहीत.

खरं सांगू? कुलूप बघून बरं वाटलं.

२३ मार्च, मंगळवार

फादरनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर पत्रांची चळत. म्हणाले, "बाळ, एवढी वाचून दाखव. बोलायला शिकलो मी, पण हाताने लिहिलेलं मराठी मला आजही वाचता येत नाही. माझी सगळी पत्रं सुमनबाई वाचतात. आता त्या मौनात."

मी विचारलं, सगळी?

"सगळी. फेब्रुवारीत एक वाईट आलं होतं, त्यांच्याचबद्दल. दोन ओळी ऐकून मी म्हटलं, थांबा, फाडा ते. त्या म्हणाल्या, पत्र आहे फादर, पुरं वाचलं पाहिजे. खालच्या नावापर्यंत वाचलं. मग घडी घालून स्वतःकडे ठेवलं आणि म्हणाल्या, याचं उत्तर मी फॉर्मवर देते. पण लिहून घ्यायला दुसरं कोणी नको, स्टेलाच हवी."